वऱ्हाडच्या इमादशाहीचा शेवटचा पुरुष

वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी गांव ज्या जुन्या वऱ्हाड प्रांतांत मोडतें, त्या प्रांताचें स्वतंत्र राज्य १५७४ सालीं बुडालें. त्या वेळीं तेथील राजा कोण म्हणावयाचा, एवढाच प्रश्न आम्ही येथें हातीं घेतला आहे. सामान्यतः हें प्रकरण तुफालखानाच्या पराभवावर मिटविलें जातें. तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

इमादशाहीचा मूळ पुरुष फत्हुल्ला हा, फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणें, विजयनगरच्या मुलखांतील ब्राह्मणाचा मुलगा. युद्धांत पाडाव होऊन तो मुसलमान म्हणून वाढला व १४९० त बहामनी सत्तेपासून वेगळा झाला. गाविलगडाच्या दरवाजावरील गंडभेरुंड पाहिला म्हणजे हा जन्मसंबंध आठवल्यावांचून राहत नाहीं. असो. चौथा पुरुष बुऱ्हाण १५६२ च्या सुमारास गादीवर आला तो अल्पवयी. तुफालखानानें त्यास नरनाळ्यावर अटकेंत ठेवून राज्य बळकाविलें.

अहमदनगरास हें निमित्त पुरेसें झालें. मुर्तजा निजामशहानें वऱ्हाड घ्यावें व विजापूरच्या अली आदिलशहानें कर्नाटकांत तेवढाच मुलूख मिळवावा, असा उभयतांचा करार ठरला; आणि मग बुऱ्हाणास मोकळें करण्याची मागणी तुफालखानाकडे गेली. वांटणी आधीं, न्याय मागाहून! तुफालखानानें अकबराकडे दाद मागितली, ती व्यर्थ गेली. नरनाळा पडला, पाठोपाठ गाविलगडहि त्याच्या मुलानें स्वाधीन केला. ज्यास सोडविण्यासाठीं फौज आली, तो बुऱ्हाण तुफालखानाबरोबरच निजामशाही कैदेंत गेला व कैदेंतच मेला.

१२२७ त मंगोलांनीं तांगुतांचें राज्य बुडविलें, तेव्हां त्यांचा शेवटचा राजा शरण आल्यावरहि मारला गेला. तेथें निदान सोडवणुकीचें सोंग नव्हतें. वऱ्हाडच्या मोहिमेंतील निजामशाही वजिराचें नांवहि चंगीझखान, हा निव्वळ योगायोग.

फिरिश्ता पुढें मुर्तजाच्याच चाकरींत होता. तरीहि बुऱ्हाणाची कैद त्यानें झांकली नाहीं, म्हणून त्याची साक्ष आम्ही ग्राह्य धरतों. शेवटचा राजा बुऱ्हाणच. सत्ता तुफालखानाची असली तरी हक्क त्या घराण्याचाच मानला जात होता. निजामशाही फौज परततांच इमादशाही वंशांतला म्हणविणारा एक तोतया खानदेशच्या पाठिंब्यानें उभा राहिला, तो याच हक्काच्या जोरावर. मुर्तजानें मागें फिरून त्याचा मोड केला व अशीरगडापर्यंत खानदेशावर चाल केली.

इतकें करून मिळविलेलें वऱ्हाड निजामशाहीस बावीस वर्षेंच पुरलें. १५९६ त चांदबिबीला तें मोगलांस द्यावें लागलें.