वेड, वैद्यक आणि नाशिकच्या लेखकाचें एक नाटक



मनोविश्लेषणाचें शास्त्र व्हिएन्नांतील एका वैद्याच्या खोलींत जन्मास आलें. परंतु वाङ्मयाशीं त्याचें नातें पहिल्यापासूनचें आहे. सिग्मंड फ्रॉइडनें १९०० सालच्या आपल्या स्वप्नविषयक ग्रंथांत ईडिपस आणि हॅम्लेट यांची साक्ष काढली. १९३० सालीं फ्रँकफुर्ट शहरानें त्याला महाकवि गटेच्या नांवाचें पारितोषिक दिलें.

आपल्या देशांत ही विद्या प्रथम कलकत्त्यास रुजली. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२१ सालीं ‘दमन’ या कल्पनेवर प्रबंध प्रसिद्ध केला, फ्रॉइडशीं पत्रव्यवहार केला व १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. फ्रॉइडचें प्रत्येक मत मात्र त्यांनीं मान्य केलें नाहीं.

मराठी घरांत ही विद्या ग्रंथांपेक्षां रंगभूमीच्या वाटेनें अधिक शिरली, असें म्हणावयास हरकत नाहीं. गोखले एज्युकेशन सोसायटीच्या नाशिक येथील महाविद्यालयांत इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या वसंत कानेटकरांनीं ‘वेड्याचं घर उन्हांत’ हें आपलें पहिलें नाटक लिहिलें. १९५७ सालीं पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें तें रंगभूमीवर आणलें. मनाचा तोल ढळलेल्या दादासाहेबांची भूमिका केली डॉ. श्रीराम लागूंनीं; आणि हे नट व्यवसायानें कान-नाक-घशाचे शल्यवैद्य होते.

त्या काळीं देशांत १९१२ सालचा वेड्यांविषयींचा कायदा चालू होता. वेड म्हणजे कुळाला लागलेला डाग, सोयरीक जुळवितांना झांकून ठेवावयाची गोष्ट, अशी अनेक घरांत समजूत होती. अशाच घरांतील माणसें आतां तिकीट काढून वेड्याचें बोलणें ऐकावयास बसलीं. हें बोलणें निरर्थक नसतें, त्याच्यामागें कांहीं दुःख, कांहीं कारण असूं शकतें, हा मनोविश्लेषणाचा पायाच होय. आणि तो समजण्यास शास्त्राची परिभाषा लागत नाहीं.

अर्थात् नाटक म्हणजे उपचार नव्हे. प्रेक्षक तीन तासांनीं घरीं परततो. रुग्णाच्या आप्तांना मात्र वर्षानुवर्षे धीर धरावा लागतो, आणि त्यांना वैद्याचें साहाय्य हवेंच. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असें साहाय्य मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. परंतु बंद खोलीची कडी कायदा काढीत नाहीं. ती घरच्या माणसांनींच काढावयाची असते.