डार्करूम ते फोटोशॉप : छायाचित्र-संपादनाचे शिक्षण आणि इतिहासाच्या साधनांचा प्रश्न

प्रस्तावना

आधुनिक इतिहासाच्या अभ्यासात छायाचित्र हे एक प्राथमिक साधन म्हणून मान्यता पावले आहे. दप्तरातील कागद, ताम्रपट, नाणी, शिलालेख यांची चिकित्सा कशी करावी याचे पाठ आपण पदव्युत्तर वर्गात देतो. बखरीतील मजकुरावर तर आपण पिढ्यान्‌पिढ्या संशय घेत आलो आहोत. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ही चिकित्सक वृत्ती सहसा मावळते. जे कॅमेऱ्याने टिपले ते घडलेच असणार, असा आपला भाबडा समज असतो. संगणकावरील चित्रसंपादनाच्या प्रसारानंतर हा समज एकदम उलटला, आणि ‘आता कोणत्याही छायाचित्रावर विश्वास ठेवता येत नाही’ असे म्हणण्याची प्रथा पडली. हे दोन्ही समज एकाच अज्ञानातून निर्माण झाले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. छायाचित्रात फेरफार कसा होतो हे ज्याने हाताने करून पाहिलेले नाही, त्याला फेरफार ओळखताही येत नाही आणि निर्दोष चित्रावर विश्वासही ठेवता येत नाही. म्हणून चित्रसंपादनाची आज्ञावली शिकणे हे छायाचित्रकाराइतकेच इतिहासाच्या अध्यापकाचेही काम आहे. या दृष्टीने सदर लेखात छायाचित्र-संपादनाच्या इतिहासाचा धांडोळा घेतला आहे.

काचेवरची पेन्सिल

फेरफाराचा इतिहास छायाचित्रणाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात हातफेर केलेली निगेटिव्ह आणि तिची हातफेरापूर्वीची व नंतरची प्रत मांडली होती. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे चित्र सिद्ध केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून मरणशय्येवरील तरुणीचे चित्र तयार केले. याच सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हमधून आणि आकाश दुसरीतून घेत असे. त्याच्या या कृतीमागे फसवणुकीचा हेतू नव्हता. त्या काळच्या रसायनांना पाणी आणि आकाश यांचा उजेड एकाच वेळी झेपत नसे, एवढेच त्यामागचे कारण.

आपल्याकडेही छायाचित्रणाचे शिक्षण फार उशिरा आले नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या पहिल्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार होत. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या भरणे, नको तो भाग चाकूने खरवडणे आणि छापील प्रतीवर बारीक कुंचल्याने ठिपके झाकणे ही स्टुडिओतील रोजची कामे होती. गावोगावच्या छायाचित्रकारांनी त्याला ‘टचिंग’ असे सुटसुटीत नाव दिले. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले होते आणि गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून व्यवसाय केला होता. ‘कालिया मर्दन’मधील (१९१९) चमत्कारदृश्ये पाहताना हा पूर्वाभ्यास विसरता येत नाही.

थोडक्यात, संगणक येण्यापूर्वीची छायाचित्रे ‘शुद्ध’ होती असे मानण्यास इतिहासात आधार नाही.

फोटोशॉपचा जन्म

प्रतिमेचे अंकांत रूपांतर प्रथम १९५७ मध्ये झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्याची व्याप्ती अवघी १७६ गुणिले १७६ बिंदूंची होती. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत.

तथापि सामान्य वापरकर्त्याच्या हाती चित्रसंपादन आणले ते नॉल बंधूंनी. त्यांचे वडील ग्लेन नॉल यांची अ‍ॅन आर्बर येथील घराच्या तळघरात डार्करूम होती आणि थॉमस तेथेच छपाई शिकला. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करीत असताना १९८७ मध्ये त्याने मॅकिंटॉश प्लसवर एक छोटी आज्ञावली लिहिली. त्या यंत्राच्या पडद्याला करडा रंग दाखविता येत नसे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांतून करड्याचा आभास निर्माण करणे, हे त्या आज्ञावलीचे काम होते. ‘डिस्प्ले’ असे तिचे साधेसुधे नाव. चित्रपटांतील दृश्यपरिणामांचे काम करणारा भाऊ जॉन तिच्यात सामील झाला. १९८८ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीशी करार झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली.

या आज्ञावलीची परिभाषा ही अभ्यासकाच्या दृष्टीने स्वतंत्र साधनसामग्री आहे. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही अवजारे सरळ डार्करूममधून आली आहेत. छपाई करताना कागदाच्या एखाद्या भागावर पडणारा उजेड अडविला की तो भाग उजळ राहतो, अधिक वेळ पडू दिला की काळवंडतो. उजेड अडविण्यासाठी तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावीत आणि अधिक उजेड एकाच जागी सोडण्यासाठी हाताची मूठ पोकळ धरीत. पडद्यावरील या दोन अवजारांची चिन्हे आजही तीच चकती आणि तोच हात अशी आहेत. ‘अनशार्प मास्क’ या विचित्र नावाने विद्यार्थी नेहमी गोंधळतात, कारण चित्र रेखीव करणाऱ्या अवजाराच्या नावात ‘अस्पष्ट’ कशाला? पूर्वी निगेटिव्हला तिचीच एक मुद्दाम पुसट केलेली पॉझिटिव्ह जोडून छपाई करीत आणि त्यामुळे कडा उठून दिसत. नावाचे मूळ या प्रक्रियेत आहे. ज्याला ही पूर्वपीठिका ठाऊक आहे त्याला आज्ञावली पाठ करावी लागत नाही.

१९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ म्हणजे थरांची सोय आली. मूळ चित्र तळाशी अबाधित ठेवून वर पारदर्शक पत्रे ठेवावेत आणि बदल त्यांच्यावर करावेत, अशी ही योजना. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत ‘हिस्टरी’ नावाची यादी आली. केलेली प्रत्येक कृती तिच्यात क्रमाने दिसते आणि मागे जाता येते. फाइल बंद केली की ही यादी नाहीशी होते. इतिहासाच्या शिक्षकाला हसावे की रडावे हे कळू नये, असा हा ‘इतिहास’. कृतींची नोंद कायम ठेवण्याची सोय पुढील आवृत्त्यांत आली खरी. परंतु ती आपण होऊन चालू करावी लागते.

फोटोशॉप महाग होते. त्याला मुक्त पर्याय म्हणून बर्कले येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ‘गिंप’ हा प्रकल्प महाविद्यालयांना विशेष उपयुक्त आहे. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या गावांतील डीटीपी वर्गांनी पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांची त्रयी लोकप्रिय केली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि चौकातील शुभेच्छाफलक ही या शिक्षणाची प्रयोगशाळा ठरली. या तरुणांचे कौशल्य विद्यापीठीय इतिहासलेखनाने अजून गंभीरपणे घेतलेले नाही.

पहिल्या फोटोशॉपची मूळ संहिता २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने अभ्यासकांसाठी खुली केली. सुमारे १,२८,००० ओळींची ही संहिता बहुतांशी पास्कल भाषेत आहे आणि तिच्यात टिपा फारच थोड्या आहेत. दप्तरखान्यातील कागदांप्रमाणे तिचेही वाचन होऊ शकते.

पुराव्याचा प्रश्न

सत्तेने छायाचित्र बदलल्याचे ठळक उदाहरण सोव्हिएत रशियातील आहे. मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनसोबत उभा असलेला गुप्तपोलीसप्रमुख येझोव्ह १९४० मध्ये मृत्युदंडानंतर छायाचित्रातूनही नाहीसा झाला. त्याच्या जागी पाणी रंगविले गेले. हे उघडकीस येते ते मूळ प्रत शिल्लक राहिल्यामुळे. डेव्हिड किंग यांनी अशा जोड्या चिकाटीने जमवून १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. पाठचिकित्सेची आपली परिचित पद्धतच येथे छायाचित्राला लावली आहे, प्रत प्रतीशी ताडून पाहण्याची.

लोकशाही देशांतील वृत्तपत्रसृष्टीही यातून सुटलेली नाही. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकविले. लक्षात घ्यावे, तेव्हा फोटोशॉप जन्मालाही आले नव्हते. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ने ओ. जे. सिम्पसन यांचा चेहरा मुखपृष्ठावर काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच पोलिसी छायाचित्र जसेच्या तसे छापल्याने फरक दुकानाच्या फळीवरच दिसला. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरील धुराचे लोट ‘क्लोन’ अवजाराने वाढविल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्सने संबंधित छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे मागे घेतली. तो धूर ओळखता आला, कारण एकाच आकाराचे लोट पुन्हापुन्हा दिसत होते. ज्याने ते अवजार वापरले आहे त्याच्या डोळ्यांना अशी पुनरावृत्ती चटकन जाणवते.

विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांनी या बाबतीत आपल्यापुढे पाऊल टाकले आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत शोधनिबंधांतील चित्रांची तपासणी सुरू केली. उजेड किंवा गडदपणा संपूर्ण चित्राला सारखा बदलला तर चालेल, पण एखादाच भाग उठावदार करणे, झाकणे वा हलविणे चालणार नाही, असा त्यांचा दंडक आहे. इतिहासविषयक नियतकालिकांना तो जसाच्या तसा स्वीकारण्यास हरकत नसावी.

कायद्यानेही हा प्रश्न हाताळला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतीय पुरावा कायद्यात कलम ६५-ब आले. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कलमाखालील प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले असेल तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य द्यावे लागते. फाइलमधील एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते.

मोडी कागद आणि धूळ

या सर्व विवेचनाचा आपल्या प्रदेशातील अभ्यासाशी थेट संबंध येतो तो मोडी कागदपत्रांच्या ठिकाणी. कागद पिवळा पडलेला, पाण्याचे तपकिरी डाग पसरलेले आणि काजळीच्या शाईतील अक्षर त्यात बुडालेले, अशा पत्राचे रंगीत स्कॅन घेऊन त्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन घटक वेगळे करून पाहावेत. निळ्या घटकात डाग गडद होऊन अक्षर गिळतात. लाल घटकात तेच डाग फिके पडतात आणि काळी शाई काळीच राहते. भिंगाखाली तासभर न लागलेला शब्द असा क्वचित एका क्षणात लागतो.

याच आज्ञावलीत धूळ आणि ओरखडे काढण्याचीही गाळणी आहे. ती शेजारच्या बिंदूंशी न जुळणारा प्रत्येक बारीक ठिपका पुसून टाकते. अनुस्वाराचा टिंब आणि कागदावरचा धुळीचा कण यांत तिला भेद कळत नाही. रकमेच्या आकड्याशेजारची बारीक खूणही तिच्या लेखी धूळच. ‘स्वच्छ’ करून जतन केलेल्या आणि मूळ स्कॅन नष्ट केलेल्या दप्तराची अवस्था त्यामुळे हातचलाखी केलेल्या छायाचित्राहून बिकट असते, कारण येथे हेतू चांगला असल्याने कोणी संशय घेत नाही. कापलेल्या कडा, पुसलेले शिक्के आणि मागील बाजूची उमटलेली शाई हीदेखील काळ ठरविण्याची साधने असतात. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये फाटलेला भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने भरून देण्याची सोय आहे. फाटक्या सनदेचा कोपरा तिने किती सफाईने भरला, हे पाहून एखाद्या जिल्हा अभिलेखागाराला मोह पडणे अशक्य नाही.

म्हणून दप्तराच्या अंकीकरणात मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, कोणताही संस्कार न करता, कागदाशेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून घ्यावे आणि त्याचे हॅश मूल्य नोंदवहीत लिहावे. जेपेग स्वरूप दर वेळी जतन करताना थोडा तपशील गमावते. ते वाटपाच्या प्रतीपुरतेच ठेवावे. वाचनासाठीचे सर्व बदल वेगळ्या थरांवर करावेत आणि शोधनिबंधात चित्र छापताना त्याखाली केलेला बदल एका ओळीत नमूद करावा : ‘लाल घटक, उजेड संपूर्ण चित्रावर वाढविला.’ मोडी लिपीच्या वर्गात दोन तासिका या कामासाठी राखून ठेवल्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती आधी गाळणीतून काढलेली प्रत व नंतर मूळ कागद दिला, तर कोणते टिंब हरवले ते विद्यार्थी स्वतःच शोधून काढतात.