पनवेलचा फाटा आणि गाडीतला आवाज

पनवेलचा इतिहास बहुतेक वेळा बंदर, मिठागरे आणि 1852 मध्ये स्थापन झालेली नगरपालिका यांच्या आधारे सांगितला जातो. तो रस्त्याच्या बाजूनेही सांगायला हवा, कारण या गावाला मोठेपण दिले ते इथे भेटणाऱ्या आणि इथून फुटणाऱ्या वाटांनी. रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि पुढे बोरघाट चढे. 1804 च्या सुमारास जनरल वेलस्लीने घाटमाथा ते पनवेल हा रस्ता तोफा नेण्याजोगा केला. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात तो चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला. गाडीची चाके बनवणे हा पनवेलचा मुख्य धंदा होता आणि घाटावर परतणारा बहुतेक प्रत्येक गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. म्हणजे वाहन आणि वाट यांची सोय लावणे हे या गावाचे जुनेच काम. म्हणूनच एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपग्रहांच्या आधारे दिशा दाखवणारे छोटे यंत्र गाडीच्या स्टिरिओला जोडले जाऊ लागले, त्या बदलाचा अर्थ पनवेलच्या रस्त्यावर उभे राहून नीट लागतो. माझे म्हणणे असे की या बदलात उपग्रहाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच महत्त्व त्या जोडणीला आहे. इथला प्रवासी रस्ता पाहून ओळखण्यापेक्षा कुणीतरी सांगितलेला ऐकून चालत आला होता. यंत्राचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येऊ लागला तेव्हाच ते इथल्या प्रवासात खऱ्या अर्थाने सामील झाले.

याचा पहिला पुरावा नकाशांच्या दुर्मीळपणात आहे. देशाच्या सीमा आणि समुद्रकिनारा यांच्यालगतच्या सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्यातले भारतीय सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधाखाली होते. पनवेल या पट्ट्यात पूर्णपणे येते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी खुली नकाशामालिका वेगळी केली आणि 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी नकाशाकारांवरचे निर्बंध बरेच सैल केले. त्याआधी साध्या वाहनचालकाकडे असायचा तो लहान प्रमाणाचा, मोठे रस्ते तेवढे दाखवणारा नकाशा. पळस्पे फाट्यावर गोव्याकडे नेमके कुठे वळायचे हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. ते ज्ञान टपरीवाला, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या, एसटीचा वाहक आणि ट्रकचा क्लीनर यांच्याजवळ असे, आणि ते बोलून दिले जाई. ट्रकमधल्या क्लीनरचे काम इथे विशेष लक्षात घ्यावे. डावीकडची बाजू पाहणे, फाटा जवळ आला की आधी सांगणे, मागे घेताना हाळी देणे हे सगळे तो चालकाची नजर रस्त्यावरून न हलवता करत असे. नजर समोर आणि कान सांगणाऱ्याकडे, ही कामाची वाटणी यंत्राच्या कितीतरी आधी ठरलेली होती.

दुसरा पुरावा रस्त्यांच्या रचनेत आहे. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईची वाहतूक थेट या बाजूला वळली. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. सुमारे 94 किलोमीटरच्या या मार्गाचे मुंबईकडचे टोक कळंबोलीला आहे. तिथून थोड्याच अंतरात द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता, पळस्पे फाट्यावरून सुटणारा गोव्याचा महामार्ग, न्हावा शेवा बंदराकडे जाणारा रस्ता आणि तळोजा-मुंब्र्याकडचा रस्ता एकमेकांपासून वेगळे होतात. जुन्या रस्त्यावर चूक झाली तर गाडी कडेला घेऊन विचारता येई. द्रुतगती मार्गावर थांबायला मनाई, उलट वळायची सोय नाही, आणि विचारायचे म्हटले तर माणूसच नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. पडद्यावरचा बाण पाहायला दोन सेकंद लागले तर 44 मीटर रस्ता न पाहता मागे गेलेला असतो. अशा जागी दिशा कानानेच मिळायला हवी.

उपग्रहांची बाजू तोवर तयार झाली होती. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकली. तोपर्यंत जागा सुमारे शंभर मीटरने चुकू शकत असे, आणि फाट्यांच्या जाळ्यात शंभर मीटर म्हणजे थेट दुसरा रस्ता. पुढच्या दशकात काचेला चिकटवायची छोटी यंत्रे आपल्याकडेही विकली जाऊ लागली. त्यांचा स्पीकर मात्र अगदी लहान असे. काँक्रीटवर घासणारे टायर, एसीचा पंखा, पावसाळ्यात टपावर कोसळणारी सर आणि वर चालू असलेली गाणी यांत तो आवाज बुडे. त्यामुळे तो गाडीच्या मोठ्या स्पीकरमध्ये न्यायचे मार्ग शोधले गेले. पहिला मार्ग ऑक्सच्या केबलचा. यात आवाज स्वच्छ येई, पण तेच यंत्र लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होत असेल तर दोन वेगळ्या अर्थिंगमुळे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी गुणगुण स्पीकरमध्ये शिरे. दुसरा मार्ग जुन्या कॅसेट-टेपसाठी होता. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर आपल्या चुंबकीय हेडमधून टेपच्या हेडला आवाज देई. 1985 मध्ये अमेरिकेतल्या ईटॅक नेव्हिगेटर या गाडीतल्या दिशादर्शक यंत्राने नकाशे कॅसेटवर साठवले होते. वीसेक वर्षांनी त्याच कॅसेटच्या खाचेतून मार्गदर्शनाचा आवाज गाडीत शिरला.

तिसरा मार्ग एफएम ट्रान्समीटरचा, आणि त्याची मर्यादा पनवेलच्या रस्त्यावर फार ठळक दिसे. काही यंत्रे स्वतःच अगदी क्षीण शक्तीचे एफएम प्रक्षेपण करत आणि गाडीचा रेडिओ ते पकडे. त्यासाठी मोकळी फ्रिक्वेन्सी लागते. खासगी एफएम केंद्रे सुरू झाल्यावर मुंबईच्या पट्ट्यात मोकळी जागा कमी उरली. एकीकडे शोधलेली रिकामी जागा घाट ओलांडल्यावर पुण्याच्या एखाद्या केंद्राची निघे आणि मार्गदर्शनावर गाणे चढे. स्मार्टफोन आणि ब्लूटूथ आल्यावर केबल गेली, पण मूळ अडचण दुसऱ्या रूपात उरली. स्टिरिओ रेडिओवर असेल तर ब्लूटूथवरून आलेली सूचना वाजतच नाही. म्हणून सूचनेला फोन कॉलसारखे वागवून रेडिओ थांबवायची सोय करावी लागली. दिशा सांगणाऱ्या आवाजाचा हक्क गाण्याच्या वर असावा, हे गाडीच्या रचनेत रुजायला बराच काळ गेला.

यावर पहिला आक्षेप असा की रस्त्यावर पाट्या होत्या आणि आहेत. वाचता येणाऱ्याला आवाज कशाला? पाट्या हव्यातच. पण पाटी सगळ्यांसाठी एकच असते आणि तिच्यावरच्या चार-पाच नावांतून आपले नाव चालकाने क्षणात निवडायचे असते. पुढे ट्रक असेल किंवा मुसळधार पाऊस असेल तर ती दिसतही नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कानात आयती सूचना मिळू लागल्यावर माणसे रस्ता लक्षात ठेवत नाहीत, विचारत नाहीत, आणि वाटेवरच्या माणसांशी असलेले नाते तुटते. यात तथ्य आहे. पण द्रुतगती मार्गाने ते नाते यंत्र रुळण्याच्या आधीच तोडले होते. पनवेलच्या बाजारातून न जाणारा प्रवासी कुणाला काय विचारणार? यंत्राचा आवाज त्या रिकाम्या जागेत आला. तिसरा आक्षेप आवाजाने लक्ष विचलित होण्याचा. कायद्याने याचा तोल साधण्याचा प्रयत्न केला आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार हातातले संपर्क-उपकरण वाहन चालवताना केवळ मार्ग शोधण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशाच रीतीने, वापरता येते. ही अट पडद्यापेक्षा स्पीकर चांगली पाळतो.

तरीही जुन्या सांगणाऱ्याची एक गोष्ट या आवाजाला अजून नीट साधलेली नाही. टपरीवाला ज्या नावाने जागा ओळखे, त्याच नावाने सांगे. 2021 मध्ये गुगल मॅप्सने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे लिप्यंतराने देण्याचे काम हाती घेतले, ही चांगली सुरुवात आहे. पण पनवेल तालुक्यात प्रश्न उच्चारापुरता नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या वसाहतींत गावांच्या नावांवर सेक्टरचे आकडे आले आणि नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणे हलवली गेली. 2024 मध्ये मुंबईहून समुद्रावरून इकडे येणारा अटल सेतू खुला झाला आणि 2025 मध्ये विमानतळ सुरू झाला. आता या भागात येणारे असंख्य लोक इथली नावे प्रथम गाडीच्या स्पीकरमधूनच ऐकतील. जे नाव त्या आवाजात नसेल ते हळूहळू रस्त्यावरूनही पुसले जाईल. म्हणून महापालिका, सिडको आणि नकाशे बनवणाऱ्या कंपन्यांनी गावे, पाडे, फाटे आणि नाके यांची रूढ नावे स्थानिकांकडून नोंदवून, तपासून यंत्रांत घालायला हवीत. आवाज मोठ्याने ऐकू येण्याची सोय तंत्रज्ञांनी केली. त्याने काय बोलावे हे ठरवण्याची जबाबदारी या भूमीवर राहणाऱ्यांची आहे.