इंजिनिअरही खेळतात : अभियांत्रिकी कॉलेजांच्या क्रीडास्पर्धांची हकीकत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कविता मला येत नाही आणि शाळेच्या आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मग विचार केला, आपल्या बॅचमधले निम्मे तरी पुढे इंजिनिअरिंग, डिप्लोमा नाहीतर आयटीआयला गेले. पिंपरी-चिंचवडच्या शाळेतून दुसरे काय होणार? तेव्हा या इंजिनिअरिंग कॉलेजांत खेळाच्या स्पर्धा कशा आल्या आणि कशा वाढल्या, याची हकीकत सांगावी. शिवाय त्यात माझा एक जुना हिशेब चुकता करायचा आहे. तो आपल्या पी.टी.च्या सरांशी आहे.

१९९९ सालचा पावसाळा. आपला कबड्डीचा संघ जिल्ह्याला जायचा होता. मी उजव्या कोपऱ्याला खेळायचो. दहावीचे वर्ष म्हणून वडिलांनी माझे नाव काढायला सांगितले, तेव्हा सर स्वतः आमच्या घरी आले. वडील सेकंड शिफ्टला निघाले होते. ते म्हणाले, "सर, कंपनीत व्हीआरएसचे फॉर्म फिरतायत. पोराला इंजिनिअर करायचाय. कबड्डीनं पोट भरतं का?" सरांनी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि एवढेच म्हणाले, "इंजिनिअरही खेळतात हो." मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. बाहेर येऊन 'मला खेळायचंय' एवढे दोन शब्दही मी बोललो नाही. संघ माझ्याशिवाय गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला.

सरांचे ते वाक्य खरे होते का, हे मी पुढे बरीच वर्षे शोधत राहिलो.

आपल्या भागातली इंजिनिअरिंगची सर्वांत जुनी जागा म्हणजे पुण्याचे सीओईपी. १८५४ साली ते सुरू झाले, तेव्हा हेतू होता सरकारच्या बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसे तयार करण्याचा. 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव १९११ चे. १९२८ मध्ये तिथे मुळा नदीकाठी बोट क्लब निघाला. त्यांचा रेगाटा अजून होतो. नावांच्या रचना, रात्रीचे मशाल नृत्य, काठावर पुणेकरांची गर्दी. पण तो त्या कॉलेजचा स्वतःचा सोहळा. दोन इंजिनिअरिंग कॉलेजांनी एकमेकांशी खेळायचे, तर दुसरे कॉलेज हवे ना! मुंबई विद्यापीठाच्या पसाऱ्यात तेव्हा असले दुसरे कॉलेज होते ते १९२० च्या दशकात निघालेले, आणि तेही कराचीत. सिंध त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत होता. त्यामुळे पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरे खेळायची ती फर्ग्युसन, एस. पी., वाडिया अशा कॉलेजांतल्या मुलांविरुद्ध. एका अर्थी ते चांगलेच होते. मैदानात उतरल्यावर शाखा कोण विचारतो?

१९४७ मध्ये सांगलीला कॉलेज निघाले, तेच आजचे वालचंद. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले. विद्यापीठाबरोबर एक रीतसर शिडी आली. कॉलेजचा संघ आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणार, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडणार आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार. या शिडीवर आर्ट्स, कॉमर्स, इंजिनिअरिंग सगळे एकत्रच. आयआयटीवाल्यांनी साठच्या दशकात आपली वेगळी आंतर-आयआयटी स्पर्धा सुरू केली. तंत्रशिक्षणाच्या संस्थांनी आपापसात खेळायचे, ही कल्पना तिथे चांगली रुजली.

इंजिनिअर खरोखर खेळतात याचे दाखले हवे असतील, तर प्रसन्ना, वेंकटराघवन, श्रीनाथ आणि कुंबळे हे चौघेही इंजिनिअर. सरांनी त्या दिवशी वडिलांना कुंबळेचे नाव सांगितले असते, तर कदाचित काम झाले असते. दिल्लीच्या कसोटीत त्याने पाकिस्तानचे दहाही बळी घेतले, त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते.

आपल्याकडचे चित्र बदलले ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. पुण्यात त्याच वर्षी तीन-चार कॉलेजे निघाली, मग पिंपरी-आकुर्डीकडे निघाली आणि १९९९ मध्ये निगडीचे पीसीसीओई आणि आळंदीचे एमआयटीचे कॉलेज आले. कंपन्या आधी, कॉलेजे मागून, असा आपल्या गावाचा क्रम. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, त्यानंतर टेल्को आणि बजाज. कामगारांच्या पोरांना घराजवळ इंजिनिअर होता येऊ लागले, ही मोठीच गोष्ट होती. माझे वडील कॉलेजच्या गेटमधून आत जाताना चप्पल काढायला वाकले होते, ते मी विसरलेलो नाही.

मैदान मात्र या कॉलेजांबरोबर आले नाही. सगळीकडचे सांगत नाही, माझ्यापुरते सांगतो. मी २००२ मध्ये ज्या कॉलेजात गेलो, तिथे जिमखान्याची फी होती, जिमखान्याची खोली होती आणि खोलीला कुलूप होते. आम्ही सात जणांनी मिळून कबड्डीचा संघ केला. सराव पार्किंगच्या मागच्या मुरमावर. चुना आम्हीच आणायचो, रेषा आम्हीच मारायचो, आणि कोणत्या सरांची परवानगी घ्यायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोर आला भोसरीकडच्या पोरांनी भरलेला एका आर्ट्स-कॉमर्स कॉलेजचा संघ. भोसरीची कबड्डी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दहा मिनिटांत आमच्यावर दोन लोण चढले. तरी दुसऱ्या डावात मी त्यांच्या मुख्य चढाईपटूचा घोटा धरला आणि सोडला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली, तेव्हा मला पहिल्यांदा सरांची आठवण आली. तीन वर्षांनी मी पुन्हा खेळत होतो, आणि इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून खेळत होतो.

अशी हार खाणारी कॉलेजे बरीच होती. वर्षभर सबमिशन, जर्नल, ओरल, आणि स्पर्धा नेमकी टर्म संपताना. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या मुलांनीच आपल्या वेळापत्रकात बसणाऱ्या स्पर्धा उभ्या केल्या. सीओईपीचा 'झेस्ट' आणि कोथरूडच्या एमआयटीची 'समिट' ही त्यातली आपल्याकडे गाजलेली नावे. यांत प्रायोजक शोधायचे मुलांनी, ड्रॉ काढायचे मुलांनी, बाहेरगावच्या संघांची राहण्याची सोय करायची मुलांनी. विद्यापीठाच्या स्पर्धेत जिंकलात तर शिडीची पुढची पायरी मिळते. इथे पुढची पायरी नाही, पण नाशिकच्या, सांगलीच्या पोरांशी ओळख होते आणि एक मोठे काम पार पाडल्याचा अनुभव मिळतो. आज आमच्या कंपनीत प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या दोघांना मी विचारले, हे कुठे शिकलात? दोघेही म्हणाले, कॉलेजच्या स्पोर्ट्स फेस्टमध्ये.

याच सुमारास स्पर्धेला आणखी एक फाटा फुटला. २००२ पासून आशिया-पॅसिफिकमधल्या दूरचित्रवाणी संस्थांची 'रोबोकॉन' सुरू झाली. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. विषय होता गोविंदा, म्हणजे यंत्रमानवांनी हंडीतले लोणी काढायचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात रोबो दहीहंडीला भिडले. विजेतेपद चीनच्या संघाने नेले. २०१४ मध्ये ती स्पर्धा पुन्हा पुण्यात आली.

दुसरी 'बाहा'. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा भारतात २००७ मध्ये इंदूरजवळ पीथमपूरला आली. मुलांनी एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर पळणारी गाडी स्वतः बांधायची. इंजिन सगळ्यांना सारखेच, दहा अश्वशक्तीच्या आसपासचे, त्यामुळे पैसा ओतून जोर वाढवता येत नाही. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत. हा खेळ की परीक्षा, यावर वाद घाला. पण चार तास खड्ड्यांतून गाडी हाणल्यावर चालकाचे हात कसे थरथरतात, ते मी पाहिले आहे.

इथे आपला पट्टा एकदम पुढे आला. बोट क्लबला नदी होती, आपल्याला चाकण होते. भोसरी, तळवडे, कुरुळीच्या शेडमध्ये लेथ, वायरकट, पाइप बेंडिंग सगळे हाताशी. इतर ठिकाणच्या संघांना जो भाग आठवडाभर थांबून मिळे, तो आपल्या मुलांना रात्रीतून मिळायचा.

आता आपल्या 'ब' तुकडीतल्या एका मित्राविषयी. नाव लिहू नकोस, असे त्याने बजावले आहे, पण तुम्ही ओळखालच. आपल्या संघाची पहिली चढाई त्याची असायची. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मग अप्रेंटिस, मग टेम्पररी. खेळायला कंपनीतून सुटी मिळत नव्हती. मी कॉलेजच्या संघात शिरलो, तेव्हा त्याला सामना पाहायला ये म्हणालो. तो म्हणाला, "नाइट आहे रे." आमच्या दोघांत खेळाडू तो होता. मैदान मात्र मला मिळाले, कारण फी भरलेले ओळखपत्र माझ्याकडे होते.

पुढे कुरुळीजवळ त्याने स्वतःची फॅब्रिकेशनची शेड टाकली. काही वर्षांपूर्वी बाहाच्या एका संघाची पोरे माझ्याकडे आली, गाडीच्या पिंजऱ्याचे वेल्डिंग कोण करील म्हणून. मी त्यांना त्याच्याकडे पाठवले. या स्पर्धेत वेल्डचे नमुने तोडून, कापून तपासतात, आणि ज्याने पिंजरा जोडला त्याच्याच हातचे नमुने लागतात. तीन रात्री तो त्या मुलांबरोबर बसला. आर्गॉन वेल्डिंग कसे धरायचे, ते त्याने त्यांना शिकवले. नमुना पहिल्या फटक्यात पास झाला. गाडीने चार तास पुरे केले, तेव्हा मुलांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो हेल्मेट वर करून म्हणाला, "पाय मोडला नाही ना कुणाचा? मग झालं." प्रमाणपत्रावर त्याचे नाव नव्हते. तशी जागाच नसते.

या सगळ्या इतिहासातून मला कळले ते असे. खेळायची इच्छा सगळ्यांकडे असते. स्पर्धा तिथे उभी राहते, जिथे कोणीतरी जागा, वेळ आणि परवानगी देते. सीओईपीला १९२८ मध्ये नदी मिळाली, आम्हाला पार्किंगमागचा मुरूम मिळाला, आणि माझ्या मित्राला तेवढेही नाही. पोर दहावीला असताना कोणीतरी घरी येऊन त्याच्यासाठी बोलावे लागते. सर, तुम्ही आला होता. गप्प बसलो तो मी.

तुमचे वाक्य खरे होते, सर. हे सांगायला मी पंचवीस वर्षे लावली, त्याबद्दल माफी असावी.

बॅचमधल्या सगळ्यांना एक विनंती. मेळाव्याचा जो निधी उरेल, त्यातून शाळेला कबड्डीची मॅट घेऊ. तिच्यासाठी लागणारी लोखंडी ट्रॉली 'ब' तुकडीतला आपला मित्र फुकट करून देणार आहे, तसे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. आणि दहावीच्या मुलांचे पालक नाव काढायला आले, तर त्यांच्याशी बोलायला आपल्यातला एकेक जण आळीपाळीने शाळेत हजर राहू. पहिली पाळी माझी.