संख्यांचा सारांश : इंग्रजी आणि पोर्तुगीज

संशोधनपर निबंधांत सर्वांत कमी जागा व्यापणारें, आणि सर्वांत अधिक विश्वासानें वाचलें जाणारें वाक्य म्हणजे आंकड्यांचा सारांश सांगणारें वाक्य होय. शेंकडों माणसें मोजावयाचीं आणि शेवटीं ‘सरासरी इतकी, विचलन इतकें’ अशा दोन संख्यांत त्यांची बोळवण करावयाची, ही रीत आज सर्व सुशिक्षित जगांत रूढ आहे. इंग्रजी व पोर्तुगीज ह्या दोन भाषांत ती कोणत्या शब्दांनीं बोलूं लागली हें पाहिलें, म्हणजे सारांश करणारावर केवढी जबाबदारी येऊन पडते तें ध्यानांत येतें.

इंग्रजींतील ‘ॲव्हरेज’ आणि पोर्तुगीजांतील ‘आव्हारिया’ हे शब्द एकाच कुळांतले. त्यांचें मूळ खराब झालेल्या मालाविषयींच्या एका अरबी शब्दांत आहे. तो भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांनीं उचलला. वादळांत सांपडलेलें जहाज वाचविण्यासाठीं कांहीं माल पाण्यांत टाकावा लागे. ज्याचा माल गेला त्यानेंच सारा तोटा सोसावा हें न्यायाचें नव्हे. म्हणून ज्यांचा माल बचावला त्यांनींही आपापल्या मालाच्या किंमतीप्रमाणें तो तोटा वांटून घ्यावा, असा दर्यावर्दी लोकांचा कायदा होता. ह्या वांटणीचा अर्थ घेऊन इंग्रजी शब्द अठराव्या शतकांत गणितांत शिरला. पोर्तुगीज शब्द मात्र बंदरावरच राहिला. तो आजही नुकसानीचाच वाचक आहे. सरासरीसाठीं त्या भाषेनें ‘मधली’ अशा अर्थाचा ‘मेदिया’ हा लॅटिन वळणाचा शब्द घेतला. एकीनें वांटणी लक्षांत ठेविली, दुसरीनें मध्य.

सारांश करण्याची विद्या इंग्लंडांत प्रथम नांवारूपास आणली ती एका व्यापाऱ्यानें. लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या घेऊन जॉन ग्राँटनें 1662 सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 100 जन्मलेल्यांपैकीं सुमारें 36 जण सहा वर्षांच्या आंतच मरतात असें दाखविलें. त्या याद्यांत मृताचें वय लिहिलेलें नसे. मुलांस होणाऱ्या रोगांवरून ग्राँटनें तो अंदाज बांधला, आणि कसा बांधला हेंही वाचकांस सांगितलें. उलट पोर्तुगालांत, 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपानें लिस्बन उद्ध्वस्त झाल्यावर, सरकारनें 1758 सालीं गांवोगांवच्या पाद्र्यांस प्रश्नावली पाठविली. त्यांनीं आपापल्या शब्दांत लिहिलेलीं उत्तरें लिस्बनच्या दप्तरखान्यांत अद्याप जपून ठेवलेलीं आहेत. ग्राँटच्या कोष्टकांत लंडन एका दृष्टिक्षेपांत दिसतें, पण माणूस दिसत नाहीं. पाद्र्यांच्या उत्तरांत एकेक गांव दिसतें, पण देश डोळ्यांत भरत नाहीं.

बरें, मध्य म्हटला तरी तो एकच असतो असें नाहीं. प्लिमथच्या प्रदर्शनांत एका बैलाचें मांस किती भरेल याविषयीं लोकांनीं लिहून दिलेले 787 अंदाज फ्रान्सिस गाल्टननें 1907 सालीं तपासले. क्रमानें लावल्यावर मधोमध येणारा अंदाज 1207 पौंड, सर्वांची सरासरी 1197, आणि प्रत्यक्ष वजन 1198 पौंड निघालें. दोन्ही सारांश खरे. परंतु ते निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें होत. अंदाज एकमेकांपासून किती दूर पसरले होते, हा तिसराच प्रश्न. त्याच्या उत्तरासाठीं कार्ल पिअर्सननें 1893 सालीं जी संज्ञा योजिली तिला आपण प्रमाण विचलन म्हणतों. पोर्तुगीज संज्ञेंत प्रमाण ह्या अर्थीं ‘पाद्रांव’ शब्द आहे. आणि पंधराव्या शतकांत पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘आम्ही येथवर आलों’ अशा खुणेचे जे दगडी स्तंभ रोवीत, त्यांसही हेंच नांव आहे.

आतां व्यवहाराची गोष्ट. दोन्ही भाषांत सरासरीपुढें अधिक-उणें चिन्ह घालून दुसरी संख्या लिहितात. ती विचलनाची असेल, किंवा प्रमाण त्रुटीचीही असेल. आणि 100 माणसें मोजलीं असतां त्रुटि ही विचलनाचा केवळ दहावा हिस्सा भरते. कोणती तें न सांगितल्यास, औषधाचा गुण दहापट निश्चित आहे असें समजून एखादा वैद्य फसेल. शिवाय 1.250 ही संख्या इंग्रजी वाचक सव्वा समजतो, तर पोर्तुगीज वाचक साडेबाराशें. कारण अपूर्णांकासाठीं तो स्वल्पविराम घालतो. मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें 2003 सालीं दोन्ही खुणा मान्य केल्या, आणि मोठ्या संख्यांच्या गटांत कोणतीच खूण न घालतां केवळ मोकळी जागा सोडावी असें सांगितलें. गोव्यांत 1961 पर्यंत राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती; तेथील जुनीं कोष्टकें चाळणाऱ्या मराठी अभ्यासकानें हा भेद विसरून चालणार नाहीं.

सारांश करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; सर्व माल घेऊन जहाज वादळांतून पार पडत नसतें. परंतु काय टाकलें, किती माणसें मोजलीं, मध्य कोणता घेतला आणि पसारा किती होता, हें लिहून ठेवणें हा जुन्या दर्यावर्दी कायद्यांतला न्याय आहे. ज्याचा माल पाण्यांत गेला त्याचें नांव निदान वहींत तरी असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.