जात्यावरची पहाट आणि मंगळागौरीची रात्र

राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी ह्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. ज्या घरांतून हे राजे आणि त्यांचे शिपाई भाकरी खाऊन बाहेर पडले, त्या घरांचा इतिहास मात्र फारच थोडा लिहिला गेला. ह्याचें कारण उघड आहे. घरकाम रोज संपतें आणि रोज नव्यानें सुरू होतें. त्याची बखर लिहावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु महाराष्ट्राचें भाग्य असें कीं, येथील स्त्रियांनीं आपल्या कामाची बखर आपणच रचून ठेविली. ती बोरूनें नव्हे, गळ्यानें रचली; आणि तिचें दप्तर म्हणजे दगडाचें जातें.

ह्या बखरीची एक जुनी साक्ष राजवाड्यांतून मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, हत्तींची परीक्षा, पाकशास्त्र, फासे आणि कवड्यांचे खेळ असे नाना विषय त्यांत आहेत. त्यांतच गायनाचा विचार करतांना राजानें एक लहानशी नोंद केली आहे: महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात. नोंद लहान, परंतु तिचें मोल मोठें. ज्ञानेश्वरी १२९० मध्यें सिद्ध झाली. म्हणजे तिच्या दीडशें वर्षें आधींच ओवी मराठी घरांत उखळापाशीं नांदत होती. ज्ञानदेवांनीं गीतेचा अर्थ सांगण्यासाठीं जो छंद हातीं धरला, त्याचें माहेर पंडितांची सभा नव्हे, तर माजघर होय.

आतां हें गाणें कामाशीं इतकें एकजीव कां झालें, हें पाहूं लागल्यास जात्याची रचनाच पाहावी लागते. खालची तळी जमिनीवर घट्ट बसविलेली. तिच्या मध्यभागींच्या खुंटीवर वरची तळी फिरते. वरच्या तळीच्या कडेला हातीं धरावयाचा लांकडी खुंटा, आणि मधोमध तोंड. त्या तोंडांत मुठीमुठीनें दाणे सोडावयाचे; ह्यालाच वैरण घालणें म्हणतात. वैरण अधिक पडली तर पीठ भरड निघतें, कमी पडली तर दगडावर दगड घांसतो. दगड झिजून गुळगुळीत झाले कीं, पाथरवटाकडून त्यांना टांकी लावून घ्यावी लागते. एकटीनें ओढावयास हें यंत्र जड; म्हणून सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. खुंटा जवळ येतांना एकीचा ओढ, दूर जातांना दुसरीचा. दोघींचा श्वास एका तालांत यावा लागतो, आणि ताल आला म्हणजे शब्द दूर राहत नाहींत.

शिवाय हें काम साठवून ठेवण्यासारखें नव्हतें. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें; ज्वारीची भाकरीही ताज्या पिठाचीच चांगली थापली जाते. त्यामुळें बहुतेक घरांत रोज पहाटे, उजाडण्यापूर्वीं, दळण सुरू होई. पुरुष निजलेले, मुलें निजलेलीं, बाहेर अंधार. अशा वेळीं घरांतील सुनेला मोठ्यानें बोलण्याची जी एकमेव मोकळीक होती, ती जात्याच्या घरघरीनें तिला दिली. दिवसां जिला सासऱ्यापुढें तोंड उघडण्याची चोरी, ती पहाटे गाण्यांतून सारें बोले. आरंभीं देवाचें नांव घ्यावें, मग आईबापांचें, मग भावाचें, असा साधारण क्रम असे. माहेरची वाट, भाऊबीजेला न आलेला भाऊ, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, लेकीचें लग्न, सवतीचें दुःख, दुष्काळ, पाऊस, बैल, हे त्या ओव्यांचे विषय. सीतेच्या वनवासाची ओवी गाणारी बाई पुष्कळदां आपल्याच वनवासाची हकीकत सांगत असे, आणि समोर बसलेलीला तें न सांगतां कळे.

मराठी संतपरंपरेनेंही ह्या पहाटेची दखल घेतली आहे. नामदेवांच्या घरीं राबणारी जनाबाई दळूं लागली म्हणजे स्वतः विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावी, अशी श्रद्धा आहे. पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनाबाईचें म्हणून एक जातें दाखवितात. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेविली तरी तिचा अर्थ लक्षांत घेण्याजोगा आहे. लोकांच्या मनानें देवाला सिंहासनावरून उतरवून खुंट्यापाशीं बसविलें. कारण दळणारणीला सर्वांत अधिक हवा होता तो समोर बसणारा सोबती.

दुपारीं भांडीं आवरलीं, उष्टीं-खरकटीं निघालीं, म्हणजे घटका दोन घटका विसावा मिळे. परंतु ह्या विसाव्यांतही हात रिकामे राहत नसत. वाती वळणें, पत्रावळी लावणें, शेवया करणें, धान्य निवडणें, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धांवदोऱ्यानें वाकळ शिवणें, हीं कामें बोलतां बोलतां होत. वाकळ हें तर जुन्या घराचें चालतें-बोलतें वंशचरित्रच. आजीचें लुगडें, आईची चोळी, बाळाचें अंगडें असे तुकडे तिच्यांत शेजारीं शेजारीं येत, आणि नातवंड त्या साऱ्यांवर निजे.

खेळही ह्याच वेळचे. मुलींचे सागरगोटे म्हणजे गजग्याच्या वेलीचें टणक करडें बीं. एक वर उडवून खालचे टिपावयाचे, आणि वरचा भुईवर पडण्यापूर्वीं झेलावयाचा. साधन फुकटचें, मात्र डोळा आणि हात ह्यांना त्यानें जी शिस्त लागे, ती मोलाची. थोरांचा खेळ सोंगट्यांचा. त्याचा पट कापडाचा शिवलेला असे. चार फांट्या, प्रत्येक फांटींत तीन ओळी, ओळींत आठ घरें, अशीं एकंदर ९६ घरें. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि सहा किंवा सात कवड्या. कवड्या टाकून जें दान पडेल त्याप्रमाणें सोंगटी चाले. फुलीच्या घरांत ती निर्भय, एरवीं मारली जाण्याची धास्ती. खेळ संपला कीं पट गुंडाळून कवड्यांसह पिशवींत जाई. सावंतवाडीचा गंजिफा ह्याहून नाजूक. दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगांत राजा, प्रधान आणि एक ते दहा अशीं बारा, म्हणजे एकूण १२० गोल पानें. तीं हातानें रंगविलेलीं व लाखेनें चकाकविलेलीं असत. विसाव्या शतकांत ही कला जवळजवळ लोपली होती. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यानें १९७० नंतर कारागीर बसवून ती पुन्हां उभी केली, आणि आजही तेथें हीं पानें तयार होतात.

परंतु जुन्या घराचें खरें मर्म दिसतें तें मंगळागौरीच्या रात्रीं. श्रावणांतील मंगळवारीं नवविवाहित मुली गौरीची पूजा करतात आणि रात्र जागवितात. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, ‘अठूडं केलं गठूडं’ अशा नांवांचे ते खेळ. त्यांत सूप नाचवितात, घागर फुंकतात आणि हातीं लाटणें घेऊन फेर धरतात. ह्या साधनांकडे जरा लक्ष द्यावें. जें सूप दिवसभर धान्य पाखडण्यासाठीं हातीं असतें, जी घागर नदीहून डोक्यावर येते, जें लाटणें चुलीपुढें पाठ मोडीपर्यंत फिरतें, तींच रात्रीं खेळणीं होतात. कामाचीं हत्यारें एका रात्रीपुरतीं धनिणीच्या हातांतलीं वाद्यें होतात. आश्विनांतला भोंडला किंवा हादगा ह्याच जातीचा. पाटावर हत्तीचें चित्र मांडून मुली त्याभोंवतीं फेर धरतात, सासरच्या साऱ्या माणसांची गाण्यांतून थट्टा करतात, आणि शेवटीं झांकलेला डबा हलवून आंतली खिरापत आवाजावरून ओळखतात. काम आणि करमणूक ह्यांच्यामध्यें त्या काळीं भिंत नव्हती. एकाच दिवसाच्या, एकाच हातांच्या त्या दोन बाजू होत्या. त्या घरांतील समाधानाचें मूळ ह्यांत आहे.

मात्र हें समाधान सर्वांना सारखें लाभत नव्हतें, हें सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाहीं. मंगळागौर सुवासिनींची. लहान वयांत जिचें कुंकू पुसलें गेलें, त्या मुलीला ह्या फेरांत जागा नव्हती. जात्यापाशीं मात्र तिला जागा होती; किंबहुना पुष्कळ घरांत तेवढीच होती. सख्या झिम्मा खेळत असतां जी आंतल्या खोलींत बसली, तिच्या रात्रीची नोंद कोणत्याही खेळांत नाहीं. महर्षि कर्व्यांनीं १८९६ मध्यें पुण्यांत अशा मुलींसाठीं आश्रम काढला, तो कोणत्या गरजेंतून, हें ह्या एका चित्रावरून ध्यानांत यावें. जी फेरांत होती तिलाही अक्षर मना होतें. रमाबाई रानडे अकराव्या वर्षीं, १८७३ मध्यें, सासरीं आल्या. पतीनें त्यांना वाचावयास शिकविलें, परंतु तें घरांतील वडील बायकांना रुचलें नाहीं आणि त्यांना फार सोसावें लागलें. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या १९१० च्या पुस्तकांत त्यांनीं तें कोणावरही राग न धरतां लिहिलें आहे. जें घर गाण्याला मोकळीक देई, तेंच पाटी हातीं घेतली कीं कठोर होई.

म्हणूनच पिठाची गिरणी आली तेव्हां बायकांनीं तिचें स्वागत केलें, आणि तें योग्यच केलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शहरांतून व मोठ्या गांवांतून तेलाच्या इंजिनावरची गिरणी घरघरूं लागली. पुढें खेड्यांत वीज गेली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. खांदे मोकळे झाले, पहाटेची झोंप मिळाली, मुलींना शाळेची वेळ गांठतां येऊं लागली. ह्या लाभांपुढें जात्याचें गुणगान करून तें पुन्हां फिरवा असें सांगणें म्हणजे ज्याला कधीं ओझें उचलावें लागलें नाहीं त्यानें ओझ्याची थोरवी गाणें होय. परंतु गिरणीनें दळण नेलें, तसें गाणेंही नेलें. ओवी ही बैठकींत बसून म्हणावयाची वस्तु नव्हती; हात थांबला आणि तिचा घर-ठावच गेला.

सुदैवानें कांहीं जाणत्यांनीं हें वेळेवर ओळखलें. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास ‘स्त्री-जीवन’ ह्या संग्रहांत शेंकडों ओव्या गोळा केल्या. कमलाबाई देशपांडे ह्यांनीं स्त्रीगीतांच्या आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असें नांव दिलें. वेदांचें विशेषण त्यांनीं बायकांच्या गाण्याला लाविलें, आणि शब्दाचा सरळ अर्थ पाहतां तें चपखलही बसलें. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी ह्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि घरोटापाशीं त्यांनीं जें रचलें, तें घरांतल्यांनीं टिपून ठेविलें म्हणून उरलें. त्या १९५१ मध्यें वारल्या, आणि १९५२ मध्यें पुत्र सोपानदेव ह्यांच्या खटपटीनें व आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं छापून आलीं, तेव्हां महाराष्ट्र थक्क झाला. अशा आणखी किती बहिणाबाई न टिपल्या जातां गेल्या, ह्याचा हिशेब नाहीं. १९८० नंतर हेमा राईरकर आणि गी पोयटव्हॅं ह्यांनीं खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत सीता आणि पंढरी आहेतच, परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याही ओव्या आहेत. म्हणजे जातें गांवांत फिरत होतें तोंवर त्याची बखरही पुढें चालत होती.

गाण्यांप्रमाणें वस्तूंचीही काळजी एका माणसानें वाहिली. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे दि. गं. केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं पत्नी कमलाबाईंच्या साहाय्यानें जुने दिवे, अडकित्ते, वज्र्या, विळ्या, करंडे, सोंगट्या आणि गंजिफे गांवोगांव हिंडून गोळा केले. अकालीं गेलेल्या राजा ह्या आपल्या मुलाचें नांव त्यांनीं ह्या संग्रहाला दिलें. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत हजारों वस्तु आज पाहावयास मिळतात. तेथील अडकित्ता नुसता सुपारी कातरीत नाहीं. त्याला कारागिरानें मोराचा किंवा घोड्याचा आकार दिला आहे. रोज हातीं येणारी वस्तु सुंदर असावी, एवढी हौस त्या घराला होती.

आज कोणाही गृहिणीला पहाटे उठून शेरभर दाणे दळावयाचे नाहींत, आणि तसें कोणीं इच्छूंही नये. मात्र लग्नघरांत अजून जात्या-मुसळाची पूजा होते, मुसळांना आंब्याचीं पानें बांधून हळद कांडतात, आणि त्या वेळीं एखादी वृद्ध बाई सहज दोन ओव्या म्हणते. तरुण मंडळी तेवढा वेळ फोटो काढण्यांत गुंतलेलीं असतात. त्यांच्यापैकीं एखादीनें वही घेऊन त्या बाईपाशीं बसावें, ओवी लिहून घ्यावी, ती कोणाकडून शिकली तें विचारावें आणि खालीं तिचें नांव घालावें. आठशें-नऊशें वर्षें जी बखर बिननांवाची राहिली, तिच्या निदान शेवटच्या पानांवर तरी लिहिणारणींचीं नांवें असावींत.