शब्दवेध : बिनविरोध

कराडचे यशवंतराव चव्हाण १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्या निवडीच्या निमित्ताने या शब्दातला ‘बिन’ पाहण्याजोगा आहे.

नकार दाखवणारा हा उपसर्ग संस्कृत ‘विना’पासून आला. ‘अ’ आणि ‘निर्’ बहुधा संस्कृत शब्दांशीच जुळतात. ‘बिन’ मात्र सोवळे पाळत नाही. ‘विरोध’ संस्कृत, ‘तक्रार’ अरबी, ‘पगार’ पोर्तुगीज. तरी बिनविरोध, बिनतक्रार, बिनपगारी हे तिन्ही शब्द अस्सल मराठी वाटतात. शेतजमिनीवर प्लॉट पाडायचे तर ती आधी ‘बिनशेती’ करावी लागत असे. ‘बिनधास्त’मध्ये तर धास्तीच गळून पडली.

जुनी मोडी कागदपत्रे वाचताना मात्र जपायला हवे. तिथे दोन नावांच्या मधला ‘बिन’ अरबीतून आलेला असतो. ‘मालोजी बिन बाबाजी’ म्हणजे बाबाजींचा मुलगा मालोजी. रूप एकच, एक ‘बिन’ नाते तोडतो, दुसरा जोडतो. आजोबा-पणजोबांचे दस्त वाचणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ओळखायलाच हवा.